पहिला व्यावसायिक संगणक नेमका कोणता म्हणायचा?

रोजमेळ

आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात यंदा मुलांसाठी सामान्यज्ञानाची लेखी स्पर्धा ठेवली होती. निवृत्त लेखापाल म्हणजे रिकामा माणूस, या न्यायाने उत्तरपत्रिका तपासण्याचे काम माझ्याकडे आले. त्यात एक प्रश्न होता : जगातील पहिला व्यावसायिक इलेक्ट्रॉनिक संगणक कोणता? आयोजकांनी दिलेले उत्तर 'युनिव्हॅक, अमेरिका, १९५१' असे होते. सातवीतल्या एका मुलीने मात्र 'इंग्लंडमधल्या एका चहावाल्या कंपनीने बनवला तो' एवढेच लिहिले होते. समितीतली मंडळी हसली, मीही हसलो, आणि शून्य गुण देऊन आम्ही पुढच्या प्रश्नाकडे वळलो.

रात्री सहज शोधायला बसलो आणि हसू मावळले. जे. लायन्स अँड कंपनी ही चहा, केक आणि उपाहारगृहांसाठी प्रसिद्ध असलेली लंडनची कंपनी खरोखरच होती. तिने 'लिओ' नावाचा संगणक स्वतः बांधला आणि नोव्हेंबर १९५१ मध्ये त्यावर आपल्या बेकरीच्या मालाचा हिशेब नियमित सुरूही केला.

माझे दोन प्रश्न आहेत. पहिलेपणाचा मान नेमका कोणाला द्यायचा? आणि केक विकणाऱ्यांना संगणक बांधण्याची बुद्धी झाली तरी कशी? दुसरा प्रश्न मला अधिक छळतो आहे. मी ज्या कारखान्यात सदतीस वर्षे खतावण्या लिहिल्या, तिथे साधे बेरजेचे यंत्र घ्यायचे म्हटले तरी संचालकांच्या तीन बैठका होत असत.

अर्धविराम

आधी तारखा मांडू या, म्हणजे भांडायला जागा स्वच्छ होईल. फेरांटी कंपनीने बांधलेला मार्क १ हा संगणक मँचेस्टर विद्यापीठात फेब्रुवारी १९५१ मध्ये पोचला. अमेरिकेच्या जनगणना खात्याने पहिला युनिव्हॅक ३१ मार्च १९५१ रोजी स्वीकारला. लिओवरचे नियमित काम नोव्हेंबर १९५१ मध्ये सुरू झाले. म्हणजे तिघांमध्ये मिळून अवघ्या नऊ महिन्यांचे अंतर आहे.

खरी गडबड 'व्यावसायिक' या शब्दात आहे. 'गिऱ्हाइकाला विकलेला' असा अर्थ घेतला तर फेरांटीचे पारडे जड होते. 'व्यवसायाचे काम करणारा' असा घेतला तर लिओच पहिला, कारण फेरांटीचे यंत्र विद्यापीठात शास्त्रीय गणिते करत होते आणि युनिव्हॅक जनगणनेची कोष्टके करत होता. 'एकाच घडणीची अनेक यंत्रे बनवून बाजारात उतरवलेला' असा घेतला तर युनिव्हॅकचे नाव घ्यावे लागते, कारण त्या जातीची ४६ यंत्रे बनली. शिवाय युनिव्हॅकच्याच निर्मात्यांनी, म्हणजे एकर्ट आणि मॉकली यांनी, १९४९ मध्ये नॉर्थ्रॉप या विमान कंपनीसाठी बायनॅक नावाचे यंत्र बनवून दिले होते. ते विकले गेले हे खरे, पण आपल्याकडे आल्यावर ते कधी धड चालले नाही अशी नॉर्थ्रॉपच्या लोकांची तक्रार होती.

कुंपणावरचा

चहावाल्या उत्तराला शून्य देणाऱ्या समितीने त्या बैठकीत चहा घेतला होता का, एवढेच मला जाणून घ्यायचे आहे.

नवशिका

जर्मनीच्या कोनराड झूझ यांचा झेड ४ झुरिकच्या तंत्रविद्यापीठाने १९५० मध्येच भाड्याने घेतला होता. मग पहिला मान त्याचा का नाही?

अर्धविराम

कारण तो इलेक्ट्रॉनिक नव्हता. झेड ४ रिलेवर चालत असे, म्हणजे त्यात विद्युतचुंबकाने उघडझाप करणारे खटके होते. प्रश्नपत्रिकेत 'इलेक्ट्रॉनिक' हा शब्द आहे, म्हणून झूझसाहेबांना नाइलाजाने बाहेर बसवावे लागते. तो शब्द नसता तर आपला हा धागा इथेच संपला असता.

मँचेस्टरवासी

गेली अकरा वर्षे या गावात राहत असल्यामुळे माझे मत निःपक्षपाती असण्याची शक्यता नाही, हे आधीच सांगतो. फेरांटीला 'केवळ विद्यापीठाला दिलेले यंत्र' म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे आहे. फ्रेडी विल्यम्स आणि टॉम किलबर्न यांनी इथल्या विद्यापीठात जे प्रायोगिक यंत्र घडवले, त्याचा कारखान्यात बनवता येईल असा नमुना फेरांटीने तयार केला, आणि दुसरे यंत्र १९५२ मध्ये टोरांटो विद्यापीठाला विकले. कॅनडातल्या सेंट लॉरेन्स जलमार्गाची गणिते त्या यंत्रावर झाली. याला व्यापार म्हणायचे नाही तर कशाला म्हणायचे?

मात्र हे यंत्र वापरणे सोपे नव्हते, हे मान्य करावे लागेल. त्याची पहिली मार्गदर्शक पुस्तिका अॅलन ट्युरिंग यांनी लिहिली. संख्या बत्तीसच्या पायावर मांडायच्या, प्रत्येक पाच बिटांसाठी, म्हणजे शून्य-एकच्या पाच अंकांसाठी, टेलिप्रिंटरचे एक चिन्ह वापरायचे, आणि तेही लहान स्थानाचा अंक आधी, म्हणजे आपल्या सवयीच्या उलट लिहायचे, असा सगळा प्रकार होता. ट्युरिंग यांना त्यात काही अवघड वाटत नसे. बाकीच्यांची पंचाईत होत असे. अशा कारकुनी त्रासात काम करणाऱ्यांत मेरी ली वुड्स नावाच्या प्रोग्रॅमर होत्या, ज्यांनी फेरांटीत स्त्रियांना पुरुषांइतके वेतन मिळावे म्हणून भांडण काढले आणि ते जिंकले. त्यांचे पती कॉन्वे बर्नर्स-ली हेही फेरांटीतच होते. महाजालाचे जनक टिम बर्नर्स-ली हे या दोघांचे चिरंजीव.

फोडणी

रोजमेळकाका, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मी देऊ शकते, कारण माझी सांगलीत लहानशी बेकरी आहे. पाव, खारी, टोस्ट आणि नानकटाई या चारच वस्तू आम्ही करतो, आणि तरीही रोज रात्री हिशेब जुळवताना माझे डोके दुखते. मैदा किती गेला, तूप किती गेले, भट्टीतून किती नग निघाले, किती दुकानांत गेले आणि संध्याकाळी किती परत आले, हे सगळे त्याच दिवशी कळले तर उपयोग. आठ दिवसांनी कळून काहीच करता येत नाही, कारण तोवर शिळा पाव गुरांना गेलेला असतो. एका नगामागे सुटतात ते पैसे इतके थोडे असतात की मोजदाद चुकली तर महिन्याचा नफा कुठे गेला ते समजत नाही. आता हेच काम शेकडो दुकानांचे आणि हजारो वस्तूंचे असेल, तर कोणालाही यंत्राची स्वप्ने पडतील.

तळटीप

फोडणीताईंनी अगदी वर्मावर बोट ठेवले आहे. लायन्सचा धंदा असाच पै-पैचा होता. चहाचा पेला आणि बनपाव घेणाऱ्या गिऱ्हाइकामागे मिळणारा नफा नगण्य, पण गिऱ्हाइके अगणित, आणि त्या प्रत्येक व्यवहाराची नोंद करणारा कारकूनवर्ग भलामोठा. एकेका व्यवहाराची नोंद ठेवण्याचा खर्च त्या व्यवहारातल्या नफ्याला गिळू पाहत होता.

पण अशी अडचण असलेल्या कंपन्या जगात पुष्कळ होत्या, मग संगणक लायन्सनेच का बांधला, हे कोडे तेवढ्याने सुटत नाही. माझ्या मते त्याचे उत्तर जॉन सिमन्स या गृहस्थांत आहे. हे केंब्रिजचे गणिती १९२३ मध्ये कंपनीत आले. हिशेब ठेवणे एवढेच कार्यालयाचे काम नाही, आज काय करायचे ते व्यवस्थापनाला सांगणे हेही त्याचेच काम आहे, असा त्यांचा आग्रह होता. १९३० च्या दशकातच त्यांनी कार्यपद्धतींचा अभ्यास करणारा स्वतंत्र विभाग उभा केला. कोणता कागद कोणाकडे जातो, तिथे त्याचे काय होते, आणि तो गेलाच नाही तर कोणाचे काय अडेल, याची छाननी हा विभाग वर्षानुवर्षे करत होता.

१९४७ मध्ये लायन्सची दोन माणसे, रेमंड थॉम्पसन आणि ऑलिव्हर स्टँडिंगफर्ड, अमेरिकेतली कार्यालये पाहायला गेली. टंकलेखन यंत्रे आणि फायलींची कपाटे यांत त्यांना विशेष काही नवे दिसले नाही, पण युद्धकाळात बनलेल्या इलेक्ट्रॉनिक गणकयंत्रांविषयी त्यांच्या कानावर आले होते. म्हणून ते प्रिन्स्टनला, अशा यंत्रावर काम केलेल्या हर्मन गोल्डस्टाइन यांना भेटले. गोल्डस्टाइन यांनी त्यांना सांगितले की तुमच्याच देशात, केंब्रिजमध्ये, मॉरिस विल्क्स असे यंत्र बांधत आहेत. काखेत कळसा म्हणतात तो हा. परतल्यावर लायन्सने विल्क्स यांना काही हजार पौंडांची मदत आणि आपला एक तंत्रज्ञ दिला, आणि त्या बदल्यात त्यांचा आराखडा वापरण्याची मोकळीक मिळवली. केंब्रिजच्या एडसॅकवर, म्हणजे विल्क्स यांच्या त्या यंत्रावर, ६ मे १९४९ रोजी पहिला प्रोग्रॅम चालला, आणि आता आपलेही यंत्र बांधायचे असे लायन्सने ठरवले. विकत घ्यावे म्हटले तर तेव्हा विकणारा कोणी नव्हता.

नवशिका

यंत्र कोणी बांधले? चहाच्या कंपनीत असे अभियंते कुठून आले?

तळटीप

जॉन पिंकर्टन नावाचा एक तरुण अभियंता त्यांनी जाहिरात देऊन नेमला. युद्धात तो रडारच्या कामावर होता. कामाची मांडणी आणि प्रोग्रॅम यांची बाजू डेव्हिड कॅमिनर यांच्याकडे होती. हे कॅमिनर मूळचे कंपनीच्या त्या कार्यपद्धती विभागातले होते, संगणकशास्त्रातले नव्हे, कारण असे शास्त्रच तेव्हा नव्हते. यंत्राला हात लावण्यापूर्वी सगळे काम कागदावर काढून, प्रत्येक पायरीवर 'इथे चुकीची माहिती आली तर काय होईल' असा प्रश्न विचारण्याची त्यांची शिस्त कडक होती. १९५२ मध्ये मेरी कूम्ब्स या त्यांच्या चमूत आल्या. व्यवसायाचे प्रोग्रॅम लिहिणारी पहिली स्त्री म्हणून त्यांचे नाव घेतले जाते.

दोलक

लिओच्या स्मृतीविषयी कोणी लिहिले नाही म्हणून थोडे लिहितो, कारण त्या यंत्रातला सर्वांत देखणा भाग तोच आहे. ती पाऱ्याची होती.

सुमारे दीड मीटर लांबीची पोलादी नळी घ्यायची, तिच्यात पारा भरायचा आणि दोन्ही टोकांना गारगोटीचे, म्हणजे क्वार्ट्झचे, स्फटिक बसवायचे. एका स्फटिकाला विजेचा ठोका दिला की तो थरथरतो आणि त्या थराराची ध्वनिलहर पाऱ्यातून दुसऱ्या टोकाकडे निघते. पाऱ्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,४५० मीटर असल्यामुळे पलीकडे पोचायला तिला एक हजारांश सेकंद लागतो. विजेच्या मानाने हा वेळ प्रचंड आहे, आणि तेवढ्यात शेकडो ठोके एकामागोमाग नळीत सोडता येतात. पलीकडचा स्फटिक त्यांचे पुन्हा विजेत रूपांतर करतो, मग ते व्हॉल्व्हच्या, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांच्या, मदतीने ठसठशीत करून परत पहिल्या टोकाला द्यायचे. आईने वाण्याकडे पाठवलेले पोर 'अर्धा किलो साखर, पाव किलो चहा' असे पुटपुटत जाते, तसे हे यंत्र आपली माहिती अखंड पुटपुटत राहते. मध्ये वीज गेली की पोर सगळे विसरले.

तापमान बदलले की पाऱ्यातला ध्वनीचा वेग बदलतो आणि ठोक्यांची वेळ चुकते, म्हणून तापमान सांभाळावे लागे. लिओत अशा ६४ नळ्या होत्या आणि त्या सगळ्यांत मिळून १७ बिटांचे २,०४८ 'शब्द', म्हणजे ठरावीक लांबीचे आकडे, मावत. आजच्या हिशेबाने साडेचार किलोबाइटही नाहीत. एवढ्या जागेत प्रोग्रॅमही बसवायचा आणि आकडेही.

कुंपणावरचा

माझ्या भाच्याने पाठवलेल्या 'शुभ सकाळ'च्या एका चित्राला यापेक्षा शंभरपट जागा लागते, आणि त्यातून मैद्याचा हिशेबही होत नाही.

रोजमेळ

दोलकजी, पुटपुटणारे पोर फार आवडले. पण माझ्या धंद्यातली एक शंका आहे. व्हॉल्व्हचा रेडिओ आमच्या घरी होता आणि त्यातला एक ना एक व्हॉल्व्ह नेहमी गेलेला असे. इथे तर हजारो व्हॉल्व्ह असणार. अशा यंत्राने काढलेल्या पगाराच्या आकड्यावर सही करायला कोणता हिशेबनीस तयार झाला असेल?

दोलक

लिओत सुमारे ६,००० व्हॉल्व्ह होते, त्यामुळे तुमची शंका रास्त आहे. पिंकर्टन आणि मंडळींनी त्यावर एक उपाय वापरला. रोज काम सुरू करण्यापूर्वी विद्युतदाब मुद्दाम थोडा कमी-अधिक करून यंत्राची चाचणी घ्यायची. जे व्हॉल्व्ह म्हातारे होत आले आहेत ते या ताणाखाली चुकतात, आणि प्रत्यक्ष कामात दगा देण्यापूर्वीच पकडले जातात.

तळटीप

त्यात भर घालतो. पगाराचे काम यंत्राकडे एका रात्रीत सोपवले गेले नाही. कारकुनांचा हिशेब आणि यंत्राचा हिशेब समांतर चालवून, ताळा जमतो याची खात्री झाल्यावरच हाताचे काम बंद झाले. एका कर्मचाऱ्याचा पगार काढायला अनुभवी कारकुनाला आठ मिनिटे लागत, तिथे लिओला दीड सेकंद लागे.

पण यंत्राच्या वेगापेक्षा माहिती आत घालणे आणि निकाल बाहेर छापणे हेच काम भारी पडले. शास्त्रज्ञाचे गणित थोड्या आकड्यांवर खूप क्रिया करते; पगाराचे गणित प्रत्येक माणसाच्या पुष्कळ आकड्यांवर अगदी थोड्या क्रिया करते. गणित करणारा भाग १९५१ मध्येच तयार होता, तरी पगार १९५३ च्या अखेरीपर्यंत थांबले. बाहेरच्या एका कंपनीकडून चुंबकीय फितीची जी व्यवस्था येणार होती, ती अखेर कामाची निघाली नाही, आणि लायन्सला छिद्रांच्या कार्डांकडे आणि कागदी फितीकडे परतावे लागले. दोन वर्षे त्यात गेली.

मला सर्वांत आवडते ते त्यांचे १९५४ चे काम, चहाच्या दुकानांना रोजचा माल पुरवण्याचे. प्रत्येक दुकानाची नेहमीची मागणी यंत्राला आधीच दिलेली असे. दुकानाची व्यवस्थापिका ठरलेल्या वेळी दूरध्वनीवर फक्त फरक सांगे : आज बनपाव दोन डझन जास्त, स्विस रोल चार कमी. पलीकडची मुलगी कानाला हेडफोन लावून ऐकता ऐकताच ते कार्डावर छिद्रांत उतरवत असे, मध्ये कागद नाही की पेन्सिल नाही. मग यंत्र त्यावरून स्वयंपाकघराला काय बनवायचे आणि गाडीत काय भरायचे याच्या याद्या छापून देई. बदलच तेवढा कळवायचा ही युक्ती यंत्राची नव्हे, ती कार्यालयाची आहे.

फोडणी

हे वाचून मी उद्यापासून माझ्या अठरा दुकानदारांना 'फक्त फरक सांगा' असे सांगणार आहे. दूरध्वनीवर रोज अख्खी यादी ऐकण्यात माझा पाऊण तास जातो. संगणक नाही, पण फळ्यावर खडूने नेहमीची मागणी लिहून ठेवता येईल.

पैठणकर

सगळे लिओच्या प्रेमात पडलेले दिसतात, म्हणून अमेरिकेची बाजू घेतो. चहावाल्यांच्या पाठीशी चहा होता. एकर्ट आणि मॉकली यांच्या पाठीशी कोणीच नव्हते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने एकस्वाचे हक्क मागितले म्हणून त्यांनी मार्च १९४६ मध्ये राजीनामे दिले आणि स्वतःची कंपनी काढली. जनगणना खात्याशी त्यांनी ठरावीक रकमेचा करार केला आणि यंत्राचा खर्च तिच्या कितीतरी पलीकडे गेला. प्रुडेन्शियल विमा कंपनी आणि बाजारपाहणी करणारी नील्सन कंपनी यांनाही त्यांनी अशीच स्वस्तातली आश्वासने दिली होती. शर्यतींच्या पैजांची यंत्रे बनवणाऱ्या अमेरिकन टोटलायझेटर कंपनीतले हेन्री स्ट्रॉस त्यांच्या मदतीला आले, पण ऑक्टोबर १९४९ मध्ये ते विमान अपघातात गेले आणि पैशाचा झरा आटला. १९५० च्या आरंभी रेमिंग्टन रँडने ही कंपनी विकत घेतली, आणि प्रुडेन्शियल व नील्सन यांच्याशी झालेले तोट्यातले करार पुढे मोडून घेतले.

इतके होऊनही त्यांनी यंत्र पुरे केले. शिवाय त्यांनी पंचकार्डे सोडून धातूच्या चुंबकीय फितीवर माहिती ठेवली. लिओला जी गोष्ट जमली नाही, ती युनिव्हॅकने पहिल्या यंत्रापासून केली. ग्रेस हॉपर यांनी १९५२ मध्ये आपला पहिला कंपायलर, म्हणजे माणसाने लिहिलेल्या सूचना यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम, याच यंत्रासाठी लिहिला. पहिलेपणा केवळ तारखेने मोजायचा नसेल तर हेही मोजावे.

मँचेस्टरवासी

पैठणकर, स्वीकारलेले ते पहिले यंत्र कित्येक महिने जनगणना खात्यात गेलेच नव्हते, हेही सांगा. सुटे करून हलवले तर पुन्हा जुळेल की नाही या धास्तीने ते १९५२ च्या अखेरीपर्यंत फिलाडेल्फियाच्या कारखान्यातच चालवले. आमचे यंत्र त्याआधीच विद्यापीठात नांदत होते.

पैठणकर

नांदत होते, पण त्याचे नाव मँचेस्टरबाहेर कोणाला ठाऊक होते? युनिव्हॅक मात्र ४ नोव्हेंबर १९५२ च्या रात्री घराघरांत पोचला. सीबीएस वाहिनीने अध्यक्षीय निवडणुकीचा अंदाज त्याच्याकडून मागवला होता. चुरशीची लढत होईल असे सगळे जाणकार सांगत असताना, थोडीशीच मते मोजून झाल्यावर यंत्राने निर्वाचक मंडळातली ४३८ मते आयझेनहॉवर यांना आणि ९३ स्टीव्हन्सन यांना दिली. हे अशक्य वाटून त्या मंडळींनी तो आकडा दाबला, गृहीतके बदलली आणि चुरशीचाच अंदाज सांगितला. प्रत्यक्ष निकाल ४४२ विरुद्ध ८९ लागला, आणि मग प्रेक्षकांसमोर कबुली द्यावी लागली. गंमत म्हणजे स्टुडिओत लुकलुकणारे दिवे दाखवणारे जे कपाट होते ते नुसते सोंग होते. खरे यंत्र फिलाडेल्फियात होते.

वाचनमात्र

'जगाला पाचच संगणक पुरतील' असे आयबीएमचे वॉटसन म्हणाले होते ना? मग अशा कंपनीने पुढे बाजार कसा काबीज केला?

अर्धविराम

त्या वाक्याला कसलाही पुरावा नाही. त्याच्या मुळाशी असू शकेल असा एक प्रसंग मात्र खरा आहे. धाकट्या वॉटसन यांनी १९५३ मध्ये भागधारकांना सांगितले की आयबीएम ७०१ या यंत्राचा आराखडा घेऊन आमची माणसे गिऱ्हाइकांकडे फिरली तेव्हा पाच यंत्रांची मागणी येईल असा अंदाज होता, आणि परतली ती अठरा यंत्रांची मागणी घेऊन. म्हणजे गोष्ट जवळजवळ उलटी आहे.

आयबीएम जिंकली त्याचे कारण अधिक रुक्ष आहे. जगभरच्या कार्यालयांत तिची पंचकार्ड यंत्रे आधीपासून भाड्याने लागलेली होती, त्यामुळे दार ठोठावण्याची गरजच नव्हती. १९५४ च्या अखेरीस तिने फिरत्या चुंबकी पिंपात स्मृती ठेवणारा ६५० आणला आणि त्याची सुमारे दोन हजार यंत्रे गेली. १९५९ मध्ये १४०१ जाहीर झाला, त्याची दहा हजारांवर गेली. याउलट लिओची दुसरी आवृत्ती एकूण अकराच बनली. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या कामाचा आधी मुळापासून अभ्यास करायचा हा लायन्सचा बाणा स्तुत्य होता, पण त्या गतीने दुकान वाढत नाही. १९६३ मध्ये लायन्सने संगणकाचा धंदा इंग्लिश इलेक्ट्रिककडे सोपवला, आणि १९६५ च्या जानेवारीत पहिला लिओ बंद झाला.

ठाकुरद्वार

१४०१ चे नाव आले म्हणून लिहिते, एरवी मी नुसतीच वाचते. भारतात व्यावसायिक कामासाठी आलेला पहिला १४०१ मुंबईत इसो या तेल कंपनीकडे १९६१ मध्ये लागला. त्याआधी कोलकात्याच्या सांख्यिकी संस्थेत १९५५ साली इंग्लंडहून आलेला एचईसी होता, आणि कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने स्वतःचा टिफ्रॅक बांधला होता, पण ती दोन्ही यंत्रे संशोधनासाठी होती.

मी १९७२ पासून फोर्टमधल्या एका कार्यालयात कार्डे छिद्रित करायला होते. तळटीप यांनी त्या दूरध्वनीवरच्या मुलीचे लिहिले ते वाचून माझी बोटे हलली. ऐंशी रकान्यांचे कार्ड, एकीने छिद्रे पाडायची, दुसरीने तीच माहिती पुन्हा ठोकून पडताळायची. दोन हजार कार्डांचा गठ्ठा हातातून सांडला तर दिवस गेला, म्हणून गठ्ठा नीट ठोकून घेतला की त्याच्या वरच्या कडेवर पेन्सिलने एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ ओढायची. एखादे कार्ड जागा चुकले की रेघेत खाच दिसे. आमच्या पर्यवेक्षक बाई गठ्ठा हाती घेतला की आधी ती रेघ पाहत, मग आमच्याकडे.

आणखी एक गोष्ट आठवते. कार्यालयाच्या दाराशी संघटनेचे लोक संगणकाविरुद्ध घोषणा देत, आणि आम्ही मुली मान खाली घालून आत जात असू. यंत्रे आली तर नोकऱ्या जातील ही भीती एवढी होती की सरकारने पुण्याच्या वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती, आणि तिचा अहवाल मी लागले त्याच वर्षी आला. लायन्समध्ये असा विरोध का झाला नाही?

तळटीप

ठाकुरद्वारताई, तिथे परिस्थितीच उलटी होती. युद्धानंतरच्या लंडनमध्ये कारकुनी कामाला माणसे मिळत नव्हती, आणि मिळालेल्या मुली लग्न झाले की नोकरी सोडत. यंत्राने कोणाला घालवायचे म्हटले तरी जागा आधीच रिकाम्या होत्या. आपल्याकडे एका जागेसाठी रांगा लागत असताना तेच यंत्र आले, मग त्याचे स्वागत तसे कसे होणार? तुमची ती पेन्सिलीची रेघ मात्र मी कुठल्याच इतिहासात वाचली नव्हती.

रोजमेळ

सर्वांचे आभार मानून निकाल कळवतो. हा धागा छापून मी समितीपुढे ठेवला. बरीच चर्चा झाली, आणि प्रश्नात 'व्यावसायिक' म्हणजे काय ते सांगितलेले नाही, तेव्हा चहावाले उत्तर ग्राह्य धरावे असे ठरले. त्या मुलीला पूर्ण गुण दिले. 'नाव का लिहिले नाहीस' असे मी तिला विचारले, तर ती म्हणाली, "आजोबा, नाव आठवत नव्हते, पण चहा आठवत होता."

तिचे गुण वाढल्यामुळे दुसऱ्या क्रमांकावर आता दोघे आले आहेत आणि चषक एकच आहे. शिवाय तिसऱ्या मजल्यावरच्या एका मुलाने 'फेरांटी' असे लिहिले होते आणि त्यालाही आम्ही शून्य दिले होते, हे आज सकाळी लक्षात आले. त्याचे वडील उद्या संध्याकाळी भेटायला येणार आहेत.

मँचेस्टरवासी

त्यांना माझा नमस्कार सांगा आणि फेब्रुवारी ही तारीख लक्षात ठेवायला सांगा.